न्हाणीघराचा लाकडी तळ : टाइलपूर्व तयारी
वऱ्हाडातील जुन्या वाड्यांत न्हाणी बहुधा खालीच, दगडी फरशीची. माडीला सागवानी तुळयांवर फळ्या. अशा माडीवर न्हाणीघर काढताना टाइल थेट फळीवर बसवू नये. अकोला-अमरावतीच्या ४५ अंश सेल्सिअसपलीकडच्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते आणि सांधे तडकतात. आधी वाळवी, कूज तपासून कमकुवत तुळईला जोडतुळई द्यावी. भाराखालचा झोळ गाळ्याच्या १/३६० हून कमी हवा. हीच खरी तयारी, बाकी सारी कारागिरी. मग आयएस ७१० दर्जाचे मरीन प्लायवूड, त्यावर स्क्रूने आवळलेला सिमेंट बोर्ड आणि भिंतीवर वीतभर चढवलेला वॉटरप्रूफिंगचा थर. उतार सांडपाण्याच्या जाळीकडे. सरसकट जाड काँक्रीट ओतणे सोपे वाटते, पण ते वजन जुन्या तुळया पेलतीलच असे नाही.