कान तुटलेला कप

दुपारी चार वाजता आमच्या रिसोडच्या घरी चहा होतो. होतो म्हणजे कुणी ठरवून करत नाही. सूर्यास्त व्हावा तसा तो आपोआप होतो. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश ऊन, पंखा गरम वारा फेकतोय, आणि आमच्या घरची मंडळी उकळता चहा बशीत ओतून फुर्रकन पिताहेत आणि वर घाम पुसत म्हणताहेत, "हां, आता कसं गार वाटलं!"

आता ही चारची वेळ काही आमची नव्हे. ती विलायतेतल्या बेडफर्डच्या डचेस ॲनाबाईंची. दुपारचं जेवण हलकं आणि रात्रीचं उशिरा, त्यामुळे मधल्या वेळी बाईंच्या पोटात कालवाकालव होई. म्हणून १८४० च्या सुमारास त्यांनी आपल्या खोलीत चहा आणि लोणी-पाव मागवायला सुरुवात केली, मैत्रिणींनाही बोलावलं, आणि झाली प्रथा, असं सांगतात. आमच्या आजीला कालवाकालव झाली असती तर तिनं अर्धी भाकरी नि ठेचा खाऊन प्रश्न मिटवला असता. इतिहासाला काही कामच उरलं नसतं.

इंग्लंडच्या दरबारात चहाची गोडी लावली ती त्याच्याही आधी, कॅथरीन या पोर्तुगीज राजकन्येनं. १६६२ साली ती दुसऱ्या चार्ल्सची राणी झाली. याच लग्नात मुंबई आंदण म्हणून इंग्रजांकडे गेली. म्हणजे मुंबई आणि चहा हे एकाच रुखवतातले जिन्नस! एवढं मोठं रुखवत आमच्या वऱ्हाडात अजून कुणी मांडलेलं नाही.

आमच्या घरातला चहा मात्र दोन राज्यांच्या भांडणातून आला. १८५३ साली निजामानं फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. तेव्हापासून पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजी अंमल, पलीकडे मोगलाई. आजोबा अलीकडचे, वाशीमच्या कचेरीत कारकून. आजी पलीकडची, हिंगोलीची. बरं, ज्या फौजेपायी वऱ्हाड गेलं तिची एक छावणी हिंगोलीतच होती. त्यामुळे "तुमच्या गावानं आमचं राज्य घालवलं," हे आजोबांचं ठेवणीतलं वाक्य. आजी त्याला उत्तर देत नसे. ती फक्त त्या दिवशी चहात साखर कमी टाके.

आजोबांनी कचेरीतल्या साहेबाचं पाहून एक चिनी मातीची किटली आणली होती. पत्तीवर आधणाचं पाणी ओतायचं, वर लोकरीचं टोपडं घालायचं, पाच मिनिटं घड्याळाकडे बघत बसायचं, मग दूध वेगळं, साखर वेगळी. आजीला हा सगळा प्रकार आजारी माणसाच्या काढ्यासारखा वाटे. तिच्या माहेरी चाय म्हणजे दूध, साखर, पत्ती, आलं, वेलदोडा सगळं एकदम चुलीवर चढवायचं आणि रंग येईस्तोवर उकळायचं. शेवटी तह झाला. आजी आपल्या पद्धतीनं चहा उकळी, गाळून साहेबाच्या किटलीत भरी, वर टोपडं घाली, आणि सोबत वऱ्हाडी कच्चा चिवडा. आजोबा टोपडं काढताना असे ऐटीत काढत, की जणू आत विलायतच आहे.

आजोबांना पुण्याच्या ग्रामण्याची गोष्ट सांगायला फार आवडे. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे, गोखले अशी बडी बडी मंडळी गेली. पुढ्यात चहा-बिस्किटं आली. कुणी प्याले, कुणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशांनी नावं छापून आणली आणि पुण्यात धुरळा उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं टिळकांनी सांगितलं, रानड्यांनी पुढे १८९२ साली घेतलं. "एका कपापायी!" म्हणून आजोबा मांडी थोपटून हसत.

१९५८ सालच्या दिवाळीआधी ते असेच हसत होते. ओसरीवर गाद्या पिंजायला आलेले चाचा बसले होते. ते मूळचे हिंगोलीकडचे. "काय चाय हाय बाई, गावाची याद आली," असं ते आजीला दरवर्षी म्हणत, आणि आजी दरवर्षी फुलून जाई. चाचांनी चहा संपवला, कप स्वतः विसळला आणि ओसरीच्या देवळीत पालथा घातला. कान तुटलेला कप. तो तिथेच असायचा. मी आठ वर्षांचा होतो. विचारलं, "आजोबा, मग चाचांचा कप वेगळा का?"

आजोबांचं हसू थांबलं. "चहा निवतोय. पी," एवढंच म्हणाले. चाचा धनुकलीची तात तपासू लागले.

पुढल्या वर्षी चाचा आले तेव्हा देवळी रिकामी. आजोबांनी नजरेनं विचारलं. "फुटला," आजी म्हणाली, आणि आमच्यातलीच एक कपबशी तिनं चाचांपुढे ठेवली. आजोबांनी टोपडं काढलं नि आधी चाचांच्या कपात ओतलं. हात जरा थरथरला असावा, कारण बशीत बरंच सांडलं.

आजी गेल्यावर तिची ट्रंक आवरताना लुगड्याच्या घडीत तो कप सापडला. कान तेवढा नव्हता, बाकी धडधाकट. आता माझ्या टेबलावर आहे, त्यात पेन्सिली ठेवतो.

गोठ्यातल्या सालदाराचा पेला मात्र पुढे कितीतरी वर्षं गोठ्यातच राहिला. त्याबद्दल मी विचारलं नव्हतं.