गिलानुपट्ठाक : विनयातील रुग्णसेवा आणि स्पर्शाचा प्रश्न

रुग्णसेवा ही दया की कर्तव्य, हा प्रश्न आधुनिक रुग्णालयांनी प्रथम उपस्थित केलेला नाही. विनयपिटकाच्या महावग्गातील आठव्या, म्हणजे चीवरक्खंधकात त्याचे उत्तर नियमरूपाने आलेले आहे. ज्या प्रसंगातून तो नियम जन्मला तो प्रसंग आपल्या विहारांतून वारंवार सांगितला जातो. नियमाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. म्हणून त्याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

अतिसाराने पीडित असा एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. आनंदासह निवासस्थानांची पाहणी करीत असता भगवान बुद्ध तेथे आले. तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही, असे त्यांनी विचारले. आपण इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते आपल्याकडे पाहत नाहीत, असे त्याने सांगितले. आनंदाने पाणी आणले. भगवंतांनी ते ओतले आणि आनंदाने त्याचे अंग धुतले. मग एकाने मस्तकाकडून व दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले.

यानंतर भगवंतांनी संघाला एकत्र बोलावले. घरदार सोडून आलेल्यांना शुश्रूषेसाठी मायबाप उरलेले नाहीत, तेव्हा त्यांनीच परस्परांची सेवा केली पाहिजे, असे त्यांनी बजावले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. उपाध्याय, आचार्य, शिष्य, सहाध्यायी असा जबाबदारीचा क्रम त्यांनी ठरवून दिला. यांपैकी कोणीही नसेल तर ती जबाबदारी संपूर्ण संघावर टाकली आणि जो ती टाळील त्याला दुक्कटाचा दोष लागेल असे सांगितले. रुग्ण किती उपयोगी आहे, हा निकषच येथे रद्द झाला. सेवा ही सेवकाच्या मर्जीची गोष्ट न राहता रुग्णाचा अधिकार ठरली.

याच ठिकाणी शुश्रूषा करणाऱ्याचे, म्हणजे गिलानुपट्ठाकाचे, पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी, मलमूत्र व वांती काढताना किळस मानू नये, आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाचे मन प्रसन्न करावे. रुग्णावरही बंधने आहेत. त्याने पथ्य पाळावे, औषध घ्यावे आणि दुखणे वाढले की उतरले हे सेवकाला खरे सांगावे. भिक्खू मरण पावल्यास त्याचे पात्र व चीवर शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे, आणि त्यांत श्रामणेर असेल तर त्यालाही समान वाटा मिळावा, असाही नियम पुढे आला. सेवेच्या ठिकाणी ज्येष्ठ-कनिष्ठ हा भेद मानला गेला नाही.

पाच गुणांतील चौथा आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. किळस हा रुग्णाच्या देहाचा दोष नसून सेवकाने जिंकावयाचा स्वतःचा विकार आहे, असे तो सांगतो. अस्पृश्यतेची रचना नेमकी याच्या उलट आहे. तिच्यात किळस जन्मावरून समोरच्या माणसाला चिकटवली जाते आणि किळस करणारा शुद्ध ठरतो.

या दोन दृष्टींमधील अंतर काठियावाडच्या भूमीवर स्पष्ट दिसते. तेथील गिरनारच्या शिलेवर सम्राट अशोकाने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात कोरविलेल्या दुसऱ्या लेखात माणसांची व पशूंची अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याची आणि जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्याची नोंद आहे. त्याच काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ रोजी ‘यंग इंडिया’त छापून आले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात ते नोंदवून ठेवले आहे. शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येईना. रुग्णाला वस्तीबाहेर आणावे, या अटीवर तो आला. त्याने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला व नवऱ्याने पत्नीला दिला, आणि त्याच मार्गाने तो परत गेला. न्यूमोनिया झाला असल्याचे सांगून डॉक्टर निघून गेला व त्याने औषध पाठविले. दोन रुपये फी देऊनही तो पुन्हा पाहावयास आला नाही. ती माता मरण पावली.

येथे एक आक्षेप संभवतो. कुष्ठ, क्षय, अपस्मार इत्यादी पाच रोगांनी ग्रस्त असलेल्यांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम विनयातच आहे. मग संघाने रुग्णांना नाकारले नाही काय? त्या नियमाचे कारणही महावग्गातच नमूद आहे. मगधात हे रोग पसरले असता केवळ जीवकाच्या उपचारांसाठी लोक संघात येऊ लागले, त्यांची सेवा करण्यात भिक्खू व जीवक दोघेही थकले, आणि बरे होताच काहींनी चीवर टाकले. ही मर्यादा कठोर होती, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ती सामर्थ्याची मर्यादा होती, जन्माची नव्हती. काठियावाडात वैद्य होता, साधन होते, औषध होते, फीही दिलेली होती. अभाव होता तो केवळ स्पर्शाचा.

त्या घटनेच्या बत्तीस वर्षे आधी, १८९७च्या प्लेगमध्ये, सावित्रीबाई फुले पुण्याजवळ रुग्णांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. चौथ्या गुणाचा याहून स्पष्ट दाखला आधुनिक महाराष्ट्रात आम्हांस आढळत नाही.

अस्पृश्यतेवरून रुग्णालयात वा दवाखान्यात प्रवेश नाकारणे १९५५च्या कायद्याने गुन्हा ठरले. कायदा दार उघडू शकतो. खाटेजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या मनातील किळस तो काढू शकत नाही. ते काम विनयाने सेवकाकडेच सोपविले होते. आपल्या समाजातील अनेक भगिनी व बांधव आज परिचारिका, डॉक्टर आणि सफाई कामगार म्हणून रुग्णालयांत राबत आहेत. गिलानुपट्ठाकाचे हे पाच गुण त्यांच्या प्रशिक्षणात आणि आपल्या विहारांच्या पाठांत शिकविले जावेत, आणि मलमूत्र उचलणाऱ्या हातांनाही श्रामणेराप्रमाणे समान वाटा मिळावा, अशी आमची अपेक्षा आहे.