अंबाझरी भरला का?

लहानपणी पावसाळ्यात आमच्या घरात एक प्रश्न ठरलेला असे, ‘अंबाझरी भरला का?’ भरला की आम्ही ओव्हरफ्लो पाहायला निघायचो. हातात भाजलेले भुट्टे आणि समोर सांडव्यावरून कोसळणारं पाणी. ते पुढे कुठे जातं, हे आम्ही कधी विचारलं नाही.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे ते कळलं. सुमारे चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांत झोपेतल्या माणसांच्या घरात पाणी शिरलं. किमान चार माणसं गेली. बचावासाठी लष्कर बोलवावं लागलं. माझ्या मावशीने पलंगावर उभं राहून सकाळ गाठली. फोनवर म्हणाली, “अरे, नाल्याचं पाणी आलं ना घरात!”

नाला! जिच्यावरून शहराचं नाव पडलं असं मानतात, ती नदी आम्हा नागपूरकरांच्या तोंडी कधीच नाला झाली होती.

नागपूरला नगरपालिका मिळाली १८६४ साली. त्या शतकात अंबाझरीकडे पाहिलं गेलं ते तहानेच्या नजरेने, कारण शहराला पिण्याचं पाणी तिथून येई. जुनी वस्ती महालाच्या बाजूला, सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे होती. तलाव आणि टेकडी यांच्यामध्ये बहुतेक मोकळी जमीन. सांडव्याचं पाणी पसरलं तरी तिथे बुडायला घरं नव्हती. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास आला, शहर पश्चिमेला सरकत गेलं आणि लेआउटवर लेआउट पडले. नदीचं पसरायचं अंगण प्लॉटांमध्ये वाटलं गेलं. सांडव्यासमोरचा विवेकानंदांचा पुतळा पाण्याच्या वाटेत येतो, असं म्हणत पुरानंतर रहिवासी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. पण वाट अडवणारा एकटा पुतळा नव्हता.

इशारा याच जिल्ह्याने आधी पाहिला होता. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीने नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये दोनशेहून अधिक बळी घेतले. मोवाडचं पुनर्वसन झालं, गाव नदीपासून दूर हललं. नागपूर असं हलवता येणार नाही. इथे नदीलाच जागा परत द्यावी लागेल.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणं आली. धोका आधीच कमी करणं हेही त्या कायद्यात आहे. आपल्या डोळ्यांसमोर मात्र बोटी, निवारे आणि दूरध्वनी क्रमांक एवढंच येतं. ते हवंच, पण ते पाणी आल्यावर कामाला येतं. पूर त्याच्या कितीतरी आधी ठरलेला असतो, ज्या दिवशी नदीकाठच्या प्लॉटचा नकाशा मंजूर होतो त्या दिवशी.

मावशी अजून त्याच घरात आहे. पाऊस लागला की फोन करून विचारते, “अंबाझरी भरला का?” गाद्या माळ्यावर टाकायच्या की नाही, हे तिला ठरवायचं असतं.