दारावरून जाणारी शर्यत

दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममधल्या व्हेलोड्रोमवर सराव करणाऱ्या एसो अल्बेन, रोनाल्डो सिंग आणि रोजित सिंग यांनी २०१९मध्ये ओडर नदीकाठच्या फ्रांकफुर्टला ज्युनिअर सांघिक स्प्रिंटचं जागतिक सुवर्णपदक जिंकलं. दिल्लीत ही नावं फारशी कुणाच्या तोंडी नाहीत.

हे फ्रांकफुर्ट पूर्वी पूर्व जर्मनीत होतं. त्या देशात गुस्ताव-आडोल्फ शूर घरोघरी 'टेव्हे' होता. वॉर्सा, बर्लिन, प्राग जोडणारी 'शांतता शर्यत' त्याने १९५५ आणि १९५९ साली जिंकली. १९५८ आणि १९५९ साली हौशी गटाचं जागतिक विजेतेपदही. १९६०मध्ये मायदेशातच तिसरं समोर होतं. बेल्जियन प्रतिस्पर्धी टेव्हेवर नजर ठेवून राहिला आणि सहकारी एकश्टाइन निसटला. टेव्हेने त्याला जाऊ दिलं, स्वतः दुसरा आला. लोकांनी जपली ती हीच शर्यत.

सत्तेनेही हे प्रेम वापरलं, त्याला संसदेत बसवलं. ऊवे योन्सोनच्या १९६१च्या कादंबरीतला पत्रकार अशाच एका सायकलपटूचं चरित्र लिहायला घेतो आणि ते अर्धवट सोडतो. पण टेव्हेवरचा जीव केवळ सरकारी नव्हता. त्याची शर्यत लोकांच्या दारावरून जायची. आपली मुलं मात्र बंद छपराखाली फेऱ्या मारतात, समोर रिकाम्या खुर्च्या.