उपग्रह ते मोबाइल : शंका कुठे अडली?

१ ऑगस्ट १९७५ रोजी ‘साइट’ हा उपग्रहाद्वारे शिक्षणाचा प्रयोग आपल्या देशात सुरू झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहामार्फत सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत वर्षभर दूरचित्रवाणी पोचली. सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम असत. चित्र थेट खेड्यात येई. मुलाची शंका मात्र उलट दिशेने जाऊ शकत नसे. ती ऐकायला होते ते गावातले गुरुजीच! याच प्रयोगात सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाचे प्रशिक्षण मिळाले. तेथे नुसता पडदा पुरेसा मानला नव्हता. रेडिओ, छापील साहित्य आणि हाताने करायचे प्रयोग यांची जोड होती.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आपण नेमकी ही जोड गमावली. आता शंका परत पाठवण्याची सोय होती. पण कित्येक घरांत मोबाइल एक, भावंडे तीन. ज्यांना वर्ग मिळाला त्यांचेही कॅमेरे बंद. लिंबाच्या रसात निळा लिटमस लाल झालेला सर्वांनी पडद्यावर पाहिला. पण आपल्याच हातातला कागद लाल झाला नाही, तर पडणारा प्रश्न कोणाला पडणार? फळ्याजवळून सहज दिसणारा गोंधळलेला चेहरा त्या काळ्या चौकोनांत आम्हा शिक्षकांना दिसलाच नाही.