बडोदा स्क्वाड्रन (क्र. १२४)

ब्रिटिश हवाई दलाची दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानतुकडी. बडोद्याच्या गायकवाड संस्थानाने विमानांसाठी देणगी दिल्याने या शहराचे नाव तिला मिळाले. मे १९४१मध्ये स्कॉटलंडमधील कॅसलटाउन येथे ती स्पिटफायर विमानांसह पुन्हा उभी राहिली. १९४२पासून अतिउंचावरील शत्रुविमाने अडवण्याचे अवघड काम तिच्याकडे आले. त्यासाठीच्या स्पिटफायर-६ची पंखटोके लांब, निमुळती होती. वैमानिकाची खोली हवाबंद राहावी म्हणून तिचे छत उड्डाणापूर्वी जमिनीवरचे कर्मचारी बाहेरून बसवत, आत बसलेल्याला ते सरकवता येत नसे. अशा बंदिस्तीत विरळ हवेत झुंजणाऱ्यांचे धैर्य असामान्यच. १९४५च्या आरंभी तुकडीने हॉलंडमधील व्ही-२ अग्निबाणतळांवर बाँबफेक केली. एप्रिल १९४६मध्ये तिला ५६ क्रमांक मिळाला.