रंजन आणि चेष्टा : ‘सोंग’ या शब्दाच्या निमित्ताने

मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे पौष पौर्णिमेस भरणारी यात्रा गुरांच्या बाजाराप्रमाणेच तमाशाच्या फडांसाठीही प्रसिद्ध आहे. शहापूरच्या उत्तरेस मोखाड्याकडे आदिवासींचा बोहाडा होतो. 2014 पर्यंत तो प्रदेशही ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. ‘सोंग’ हा शब्द दोहोंकडे चालतो. बोहाड्यात देवदैत्यांचे मुखवटे धारण करून नाचणे म्हणजे सोंग. तेथे तो भक्तीचा विषय होय. तमाशातला सोंगाड्या मात्र हसविण्यासाठीच उभा असतो. आणि घरात ‘सोंगे करू नकोस’ म्हटले की ती दटावणी ठरते.

हे अर्थांतर समजण्यास दुसरे दोन शब्द उपयोगी पडतात. ‘रंजन’ शब्दाच्या मुळाशी रंगणे, रंगविणे या अर्थाचा धातू आहे. रंग चढतो तो प्रेक्षकावर. ‘चेष्टा’ म्हणजे संस्कृतात नुसती हालचाल, अंगविक्षेप. मराठीत तिला थट्टेचा अर्थ आला आणि ‘माकडचेष्टा’ या समासात तर तिची पुरती अप्रतिष्ठा झाली. चेष्टा करणाऱ्याच्या अंगातच संपते. भरताने हास्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा भेद करून ते उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींत वाटून दिले. पण ती विभागणी हसणाऱ्याच्या पायरीची आहे, हसविणाऱ्याच्या कामगिरीची नव्हे. ‘मृच्छकटिका’तील मैत्रेयच पाहावा. न्यायसभेत त्याच्याजवळचे अलंकार खाली पडतात आणि चारुदत्तावरील आरोपास बळकटी येते. विदूषकाचा धांदरटपणा येथे कथानकाचाच भाग झाला आहे.

सोंगाड्याची कसोटीही हीच मानावी. गौळणीतील मावशीची मुरडणारी चाल किंवा वगातल्या राजास विचारलेला आडवा प्रश्न प्रसंगातून उपटून काढला तरी तेवढाच हशा पिकत असेल, तर तो चाळा. प्रसंगाविना तो लंगडा पडत असेल, तर ते रंजन. फडावरचे सगळेच विनोद या कसोटीस उतरतात असे मात्र नाही, हेही मान्य करावयास हवे.

स्वातंत्र्याच्या सुमारास, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर निर्बंध आले. पुढे वगाची संहिता तपासून परवानगी देण्याची पद्धत पडली. तपासनिसापुढे ठेवावयास लिहिलेला मजकूर हवा. सोंगाड्याचे बरेचसे बोलणे तर त्या रात्रीच्या, समोर बसलेल्या गावावर बेतलेले असे. चाळ्यांना आळा घालण्यासाठी योजलेला हा उपाय अशा रीतीने हजरजबाबी रंजनाच्या मुळावर आला. अंगविक्षेप कागदावर उमटतच नव्हते. ते सहीसलामत सुटले.